सुबोधच्या खात्यातून

धोंडू घाडी आंघोळ केल्याशिवाय बँकेचं काम करत नाही. आता बँक म्हणजे मोबाईल, आणि मोबाईल रात्रभर त्याच्या उशाशीच असतो, तरीही. पाच तारखेला सकाळी आंघोळ, देवाला फूल, अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, आणि मग खाटेवर ताठ बसून एका बोटाने पासवर्ड. पाचला अमावास्या आली तर सहाला. मी त्याची पुष्कळ टर उडवली आहे. "अरे, मॅनेजर तिकडून बघतोय का तुला?" म्हटलं की म्हणायचा, "चंद्या, पैशाचं काम आहे. बनियनवर करायचं नसतं."

आम्ही दहिसरला एकाच मजल्यावर तीस वर्षं राहतो, दाराला दार लागून. त्याचे वडील मिलमध्ये होते, संपानंतर मालवणकडे गावी गेले ते गेलेच. धोंडू मागे राहिला, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला आणि एक्याण्णव साली पहिल्या पगारावर स्टेशनजवळच्या बँकेत त्याने खातं उघडलं. तेच खातं अजून आहे. नेट बँकिंग आलं तेव्हा आमच्या मजल्यावर ते घेणारा पहिला माणूस धोंडूच. मी मात्र लाईट बिलाच्या रांगेत उभा राहून त्याला शहाणपण शिकवत होतो. त्याने आपला आणि धाकट्या भावाचा, सुबोधचा, असे दोन्ही फॉर्म एकाच दिवशी भरले. दोघांचे पासवर्ड त्यानेच ठरवले आणि एका डायरीत लिहून ठेवले. असं लिहायचं नसतं हे मी त्याला सांगितलं होतं. माझं तो कधी ऐकतो?

सुबोध त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. कंपनीची गाडी चालवायचा, गोवंडीला भाड्याच्या खोलीत राहायचा, लग्न केलं नव्हतं. दोन हजार सोळा साली वडील वारले तेव्हा तो गाडी घेऊन गुजरातेत होता, फोन बंद पडलेला. गावी पोचला तो सगळं उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी. आई दारातच उभी होती. चार माणसांसमोर म्हणाली, "आता कशाक इलंस? तुजा तोंड परत दाखव नको माका." दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण हा घाडींचा मुलगा, त्याने ते दगडावरच्या रेघेसारखं धरलं. पाणीही न पिता मागे फिरला. पुन्हा गावी गेला नाही, आईला फोन केला नाही. आईनेही केला नाही. दोघं सारखीच हट्टी.

पण दर पाच तारखेला सुबोधच्या खात्यातून आईच्या खात्यात दोन हजार रुपये जायचे. धोंडूचे तीन हजार वेगळे. आईला वाचता येत नाही. शेजारचा लवू रिक्षा चालवतो, तो तिला बाजारातल्या बँकेत न्यायचा, पासबुक छापून घ्यायचा आणि मोठ्याने वाचायचा, "काकी, धोंडूचे तीन, सुबोधाचे दोन." धाकट्या मुलाबद्दल तिला एवढंच कळायचं. पैसे आले म्हणजे तो आहे, धडधाकट आहे. तिला तेवढं पुरत होतं.

मग एकवीस सालचा एप्रिल आला. सुबोध कोविड सेंटरमध्ये सहा दिवस होता आणि सातव्या दिवशी गेला. धोंडूला त्यांनी लांबूनच दाखवलं. घरी आली ती एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फोन, चार्जर आणि पाकीट. गावी जायला ई-पास लागत होता आणि आईला मार्चमध्येच हार्ट अटॅक येऊन गेला होता. धोंडू माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "आई नाय वाचायची रे." आणि मी, शहाणा, म्हणालो, "एक महिना थांब. तिला जरा बरं वाटू दे, मग सांग." हा सल्ला माझा. तो मी कुणावर ढकलणार नाही.

त्याने घरातच दहा दिवस सुतक पाळलं. सलून बंद होती, म्हणून माझ्या दाढीच्या मशीनने मीच त्याचं डोकं केलं. त्याची बायको प्रेमा स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडत होती, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढ्यात पाच मे आली. पैसे गेले नसते तर पासबुक छापताना आईला कळलं असतं. धोंडूने आंघोळ केली, शर्ट घातला, आपल्या खात्यातून सुबोधच्या खात्यात दोन हजार टाकले आणि मग डायरी उघडून सुबोधच्या नावाने आत गेला. ओटीपी सुबोधच्या फोनवर आला. तो आकडा त्याने एका बोटाने टाकला.

एक महिना म्हणता म्हणता चार वर्षं झाली. मेलेल्या माणसाचा फोन चार्ज करायचा, त्याचं रिचार्ज मारायचं. दर महिन्याला आम्ही ठरवायचो की पुढच्या वेळी सांगू. आणि धोंडूने पहिल्याच वर्षी एक गाढवपणा केला. गणपतीला सुबोधच्या खात्यातून पाचशे जास्त पाठवले. "कशाला रे?" मी विचारलं. "आईला बरं वाटेल," म्हणाला. सुबोधने जिवंतपणी असं कधी केलं नव्हतं. आठ दिवसांनी आईचा फोन आला, मी तिथेच बसलो होतो. ती म्हणाली, "सुबोधान चवथीक पाचशे जास्ती धाडल्यान रे. राग निवालो वाटता त्येचो." पाच वर्षांत मी तिचा आवाज इतका हलका ऐकला नव्हता. धोंडूने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर सांगायचं तरी कसं? मग दर गणपतीला पाचशे जात राहिले.

गेल्या वर्षी बँकेचे मेसेज सुरू झाले. सुबोधची केवायसी जुनी झाली आहे, फोटो आणि कागदपत्रं घेऊन शाखेत या. धोंडूने दोन महिने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या महिन्यात पाच तारखेला पैसे जाईनात. खात्याचे व्यवहार थांबवले आहेत, एवढंच ॲपवर दिसत होतं. आम्ही शाखेत गेलो. निधी मॅडम म्हणून तिशीतली अधिकारी होती. ती म्हणाली, "काका, खातेदाराला स्वतः यावं लागेल."

"मॅडम, मी चौतीस वर्षं तुमचा कस्टमर आहे."

"तुम्ही आहात हो. ते कुठे आहेत?"

धोंडूने शर्टाच्या खिशातून मृत्यूचा दाखला काढला. घरून निघतानाच त्याने तो घेतला होता, मला सांगितलं नव्हतं. मॅडमने तारीख पाहिली, मग स्क्रीन पाहिली, मग धोंडूला. "मग हे चार वर्षांचे व्यवहार कोणी केले?"

"मी. पैसे माझेच घातले, मॅडम. त्याचा एक रुपया घेतला नाही." आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं, काउंटरवर हात ठेवून, मागे रांग उभी असताना. ती पोरगी भली. तिने त्याला पाणी दिलं. पण म्हणाली, "काका, आता मला कळलंय. मला हे खातं चालू ठेवता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू तुझ्या खात्यातून पाठव. लवूला फोन करून सांग, वाचताना सुबोधचं नाव घे म्हणून." लवूच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मलाही माहीत होतं. धोंडू म्हणाला, "बस झालं, चंद्या. आता आणखी एका माणसाला खोटं बोलायला लावू नकोस."

त्याच आठवड्यात आम्ही गावी गेलो. आई पडवीत लवूशी बोलत बसली होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, अंगावर मूठभर मांस नाही. धोंडूला बघून तिने पहिलं तेच विचारलं. "ह्या म्हयन्यात सुबोधाचे पैसे इले नाय. बरो आसा मां तो?"

धोंडू तिच्या पायांशी बसला. "आये, सुबोध मेलो. करोनात. चार वर्षां झाली."

ती रडली नाही. मग म्हणाली, "मगे पैसे कोण धाडी होतो?"

"मिया."

"आणि चवथीचे पाचशे?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. सुबोधने मरताना सांगून ठेवलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मी असतो तर तेच म्हणालो असतो. धोंडूचे ओठ हलले, पण तो म्हणाला, "ते पण मियाच, आये."

"म्हणजे राग घेवनच गेलो तो," ती म्हणाली. 

थोड्या वेळाने ती भिंतीला धरून उभी राहिली. "लवू, पाणी तापय. आंगोळ करूक व्हयी. धा दिवस सुतक धरतलंय."

लवू बिचारा डोळे पुसत होता. त्याला जे ठाऊक होतं ते तो बोलून गेला, "काकी, वरीस उलाटला काय सुतक नाय. नुसती आंगोळ केली काय झाला."

आई तिथेच थांबली. "माजो झील मेलो, आणि माका रडाक धा दिवस पण नाय?" आणि मग ती धोंडूकडे वळली. "तू धरलेलंस सुतक, तेवा?"

"धरलेलंय, आये."

"धा दिवस?"

"धा दिवस."

"मगे तुजा झाला," ती म्हणाली. "आता माका एकटीक बसांदे. तू भायर रव."

ती आत गेली आणि तिने आतून कडी घातली.