तांबोशीसाठी रजा

न्यायालयाच्या फाटकाबाहेर बसून मी वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. परंतु सातपूरच्या कारखान्यातील या फिटरसारखा अशील मला दुसरा भेटला नाही. दर होळीनंतर हे गृहस्थ आठ दिवस वेंगुर्ल्याला जातात आणि किनाऱ्यावरच्या खडकांवर उभे राहून गळाने तांबोशी पकडतात. रजेच्या अर्जात हेच कारण लिहावे, असा त्यांचा आग्रह असतो.

“खोटं सांगून निघालं तर मासा गळाला शिवत बी नाय, साहेब,” असे ते म्हणतात आणि बोलताना बोटांनी नसलेली दोरी ओढत राहतात.

गेल्या वर्षी कारखान्यात नवे अधिकारी आले. रजा नाकारली जाऊ नये, या सद्हेतूने मी परस्पर ‘मातोश्रींचे आजारपण’ असे कारण लिहिले. त्यांनी विश्वासाने, न वाचताच सही केली. रजा तत्काळ मंजूर झाली.

परतल्यावर ते रिकामी पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

“कारखान्यातल्या नव्या साहेबांनी इचारलं, आई कशी हाय? म्हटलं, बरी हाय. आठ दिवसांत एक मासा नाय लागला.”



यंदाही ते माझ्याकडेच आले. सही करण्यापूर्वी मात्र त्यांनी संपूर्ण अर्ज मला मोठ्याने वाचायला लावला. कारणाची ओळ दोनदा.