कानबाईच्या पिठाच्या पुऱ्या

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईने अगदी पद्धतशीर तर्क करून स्वतःच्या दिराचं जमत आलेलं लग्न मोडत आणलं, असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी आधी पुरावा मागितला असता. पण इथे आरोपीही मी आणि पुरावाही मीच. तेव्हा चहा गार होऊ देऊ नका आणि ऐका. हसायचं तिथे खुशाल हसा. मी आता लाजण्याच्या पलीकडे गेले आहे.

आधी माझं एक तत्त्व सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यातूनच उपजला. मुलांशी खोटं बोलायचं नाही. आमच्या घरात बागुलबुवा नाही. न जेवणाऱ्या मुलांना पोलीस पकडून नेत नाहीत. सई सहा वर्षांची, मल्हार तीन वर्षांचा. दोघांच्याही प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं, आणि ते ठाऊक नसेल तर तसं सांगायचं.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मी सईला 'म्हणून' शिकवलं. सगळ्या मांजरांना मिशा असतात, मनी हे मांजर आहे, म्हणून? "म्हणून मनीला मिशा." जळगावच्या आमच्या सोसायटीत मी हा प्रयोग पाहुण्यांना चहाबरोबर दाखवत असे. पोटच्या पोरीचं कौतुक कुणाला नसतं? फक्त एवढंच लक्षात ठेवा, की सुरी चालवायला शिकवली की ती काय काय कापेल, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

सासर धरणगावजवळच्या एका खेड्यातलं. तिथे माझ्या सासूबाईंचं राज्य. गाव त्यांना अक्का म्हणतं, आम्ही आई म्हणतो. त्यांच्या राज्यात देव सकाळी उठतो, न्हातो, जेवतो आणि दुपारी जरा पडतोही. सईने एकदा मला विचारलं, देव खरंच जेवतो का. मी म्हटलं, नैवेद्य दाखवण्याआधी आणि नंतर ताट नीट बघ आणि तूच ठरव. तिने बघितलं आणि आजीला जाऊन सांगितलं, की ताटातलं काहीच कमी झालेलं नाही. आई शांतपणे म्हणाल्या, "तो वासवर पोट भरस, माय. तुन्हा मम्मीसारखा खादाड नही."

या वादात मी कधी जिंकले नाही. खरं सांगायचं तर हरायलाही बरं वाटायचं, कारण हरल्यावर आई हातावर लाडू ठेवत.

तर, श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशात कुणाला हे सांगायला नको, पण तुमच्यापैकी काही जण बाहेरचे आहात. कानबाई म्हणजे नारळाची देवी. तिला डोळे काढायचे, नथ घालायची, रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. आमचा नारळ पिढीजात. तो नदीवरून परत येतो आणि वर्षभर देवघरात राहतो. आणि तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन दळायचा आणि त्याच्या जाडजूड पोळ्या करायच्या. बायकांच्या नावाने मूठ का नाही, हा माझा प्रश्न दरवर्षी गव्हाबरोबरच दळला जातो.

या रोटाचा नियम फार कडक. तो फक्त त्या कुळातल्यांनी खायचा. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. ती दुसऱ्या कुळाची झाली. रोट खाल्लेल्या हाताचं पाणीही आई अंगणात सांडू देत नाहीत. आणि उरलेलं पीठ पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं.

माझं माहेर धुळ्याचं. आमची कानबाई काकांच्या घरी बसायची. आम्ही जायचो, जेवायचो, यायचो. नियम सांभाळणं हे काकूचं खातं. त्यामुळे मला रोटाची चव पाठ होती, कायदा नव्हता.

या वर्षी चुलत घरची मंडळी आली नाहीत आणि पीठ बरंच उरलं. मुलांना सुट्टी लागून आली होती म्हणून आम्ही गावीच थांबलो होतो. तीन दिवस सई आजीच्या मागे मागे फिरत होती, आणि आजी तिला अहिराणीत एकच पाठ देत होत्या, "हाऊ रोट जो खास, तो आपला कूळना." म्हणजे हा रोट जो खातो, तो आपल्या कुळाचा.

बुधवारी सकाळी दारात गाडी थांबली. दोंडाईच्याचे पाहुणे होते.

आता नीलेशभाऊंबद्दल सांगते, म्हणजे या गाडीचं महत्त्व कळेल. नीलेशभाऊ माझे धाकटे दीर. कृषी पदवीधर, कापूस आणि मका करतात, स्वभावाने दुधासारखे. पण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आजकाल किती अवघड झालंय, हे तुम्हाला माहीत आहे. कुणी म्हणे पुण्याला फ्लॅट हवा, कुणी म्हणे नोकरी हवी, मग ती शिपायाची का असेना. नकार ऐकून ऐकून नीलेशभाऊंनी आरशात बघणं सोडलं होतं. आणि मग दोंडाईच्याच्या पूनमचं स्थळ आलं. मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. तिने नीलेशभाऊंना बघितलं आणि सरळ सांगितलं, की तिला शेती चालेल. आई त्या दिवशी पदराने डोळे पुसत होत्या आणि कांदा कापत असल्याचं सांगत होत्या. कांदा कुठेही नव्हता.

पूनमच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. कडक माणूस. त्यांचा होकार अजून यायचा होता. ते, त्यांची पत्नी आणि पूनम पद्मालयाच्या गणपतीला निघाले होते. वाट इकडूनच, म्हणून घर बघायला उतरले. दोघा नवरा-बायकोंचं दर्शन होईपर्यंत अन्न न घेण्याचं व्रत होतं. त्यांनी चहाच घेतला. पण पूनमचं व्रत नव्हतं, आणि आईंच्या घरातून कुणी उपाशी जाणं हे आईंना मंजूर नव्हतं. त्या ओसरीवरूनच मला म्हणाल्या, "पोरगी भुकी व्हई. तिले गरम पुऱ्या तळी दे."

मी स्वयंपाकघरात गेले आणि डबा उघडला. पीठ नव्हतं. गिरणीत विचारायला नवऱ्याला पाठवलं, तर सकाळपासून लाईट नव्हती. शेजारी मागता आलं असतं. पण नव्या पाहुण्यांसमोर वाटी घेऊन अंगण ओलांडायचं?

आणि मग माझी नजर कोपऱ्यातल्या पितळी डब्यावर गेली.

नाही, मी अविचार केला नाही. माझं दुर्दैव असं, की मी विचार केला. रोट म्हणजे काय? कानबाईला नैवेद्य दाखवलेली विशिष्ट पोळी. हे पीठ नैवेद्याला दाखवलेलं नाही. म्हणून हा रोट नाही. शिवाय पुरी ही आकाराने, कृतीने आणि हेतूने रोटापासून भिन्न आहे. व्याख्या चोख, निष्कर्ष चोख. वर्गात असते तर मी स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सई शेजारी उभी होती. तिने विचारलं, हे कानबाईचं पीठ ना? मी खोटं बोलत नाही, म्हणून हो म्हटलं, आणि तिला वरची व्याख्या समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं पटलं. मुलं गप्प बसली की त्यांना पटलंच असं नसतं, हे मी अध्यापनाच्या एवढ्या वर्षांत शिकायला हवं होतं.

पुऱ्या टम्म फुगल्या. पूनमने आवडीने खाल्ल्या. ओसरीवर हवा छान होती. नाना नीलेशभाऊंना कापसावरच्या बोंडअळीबद्दल विचारत होते आणि नीलेशभाऊ, जे एरवी चार शब्दांवर जात नाहीत, ते भराभर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी पूनमकडे बघितलं, पूनमने त्यांच्याकडे बघितलं, आणि आईंनी त्या दोघांना बघताना बघितलं.

आणि सई पुढे झाली. हात मागे बांधून, कविता म्हणायला उभी राहते तशी.

"काकाचं आणि हिचं लग्न नाही होऊ शकत," ती म्हणाली.

नानांनी कप खाली ठेवला. "का गं बेटा?"

"आजी म्हणते, रोटाचं जो खातो तो आपल्या कुळाचा. हिने कानबाईच्या पिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. म्हणून ही आपल्या कुळाची. आणि एका कुळात लग्न होत नाही, हेही आजीच म्हणते." तिने श्वास घेतला. 'म्हणून' अजून संपलं नव्हतं. "म्हणून ही काकू नाही होणार. आत्या झाली. आता राखीला ही काकाला राखी बांधेल."

"आत्या! आत्या!" मल्हारने टाळ्या पिटल्या. त्याला नवीन माणूस मिळालं की आनंद होतो.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कढईतली शेवटची पुरी करपली, तो वास सगळ्यांना आला, पण उठलं कुणीच नाही.

पूनमची आई हळूच म्हणाली, की त्यांच्याकडेही कानबाई बसते आणि रोटाचं त्यांच्याकडे फार कडक असतं. नानांनी आपल्या मुलीकडे असं बघितलं, जणू ती खरंच दत्तक गेली. नीलेशभाऊंचा चेहरा मी बघू शकले नाही. आरशाशी नुकतंच जमलं होतं हो त्यांचं.

आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "रोटना पीठनी पुरी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काय करी बठनी माय तू," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या नानांकडे वळल्या. एक सांगते, आईंना हे लग्न हवं होतं, आणि ज्याला लग्न हवं असतं त्याला शास्त्रात वाट सापडते. त्यांनी पदर सावरला आणि अगदी सहज आवाजात म्हणाल्या, "नाना, रोट घरनी पोर खास, तशी घरनी सून भी खास. मी नही खात का? मी काय ह्या घरमा जलमेल शे?"

नाना विचारात पडले.

"पोरगीनी खादं, हाई खरं," आई पुढे म्हणाल्या. "पण पोर व्हईसन खादं का सून व्हईसन, हाई मी कशी सांगू? ते तिलेच इचारा."

सगळ्यांनी पूनमकडे बघितलं. ती पदवीधर मुलगी कानापर्यंत लाल झाली. ताटात एक पुरी उरली होती. तिने ती उचलली, अर्धी मोडून सईच्या हातात दिली, तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मला आत्या नको म्हणूस. काकू म्हण." आणि उरलेली पुरी सावकाश खाऊन टाकली.

नाना आधी हसले नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, बायकोकडे बघितलं, देवघराच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे अक्का, आम्हाला विचारायचं कामच नाही राहिलं. तुमच्या कानबाईनेच सून करून टाकली." आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि व्रत असल्यामुळे ठसक्यावर गुळाचा खडा चालतो की नाही यावर नवा वाद झाला.

गाडी पद्मालयाकडे गेली. नीलेशभाऊ ती दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभे होते आणि त्यानंतरही जरा वेळ.

मी बोलणी खायला तयार होऊन बसले होते. पण आईंनी पितळी डबा उचलला, स्वतःच्या खोलीत नेला आणि माझ्या हातावर लाडू ठेवला. म्हणजे मी हरले होते, हे स्पष्ट झालं.

नवरा मात्र गप्प बसणारा नाही. त्याने विचारलं, "तुझी ती व्याख्या एवढी चोख होती, पुरी म्हणजे रोट नव्हे, तर सगळे तिथे दगडासारखे बसले होते तेव्हा बोलली का नाहीस? एका वाक्यात प्रश्न सुटला असता."

व्याख्या खरंच चोख होती. अजूनही आहे. मी म्हटलं, बोलण्यासारखी ती वेळ नव्हती.

सई लाडूतला बेदाणा शोधत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तेव्हा मम्मी देवघराकडे बघत होती. हात जोडले होते. मी बघितलं."

नवरा माझ्याकडे वळला. आई खोलीच्या दारात येऊन थांबल्या. आणि माझ्या लाडक्या तत्त्वाचा, आयुष्यभर जपलेल्या त्या एकुलत्या एक तत्त्वाचा, मी तिथेच बळी दिला.

"हात नव्हते जोडले," मी म्हटलं. "हाताला पीठ लागलं होतं, ते झाडत होते."

सईने सापडलेला बेदाणा तोंडात टाकला.

"डोळे मिटून?"