पोलीस ॲक्शननंतरचे व्हिसावाले

मी हे सांगायला लागलो की मित्र म्हणतात, "तू रचून सांगतोस." अहो, रचायला डोकं लागतं! पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं मी हैदराबादेत हिमायतनगरला नारायणराव वकिलांच्या ऑफिसात उर्दू कागदांचं इंग्रजी भाषांतर करायचो. परदेशी निघालेला जो तो व्हिसाच्या कागदांसाठी आमच्याकडे. माणसं कागद घेऊन जायची, किस्से टेबलावरच राहायचे.

*

निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली साल असायचं, इंग्रजी सालाच्या जवळजवळ सहाशे वर्षं मागे. अमेरिकेला शिकायला निघालेल्या एका मुलाचं जन्मसाल आमच्या टायपिस्टने दाखल्यावरून जसंच्या तसं मारलं : तेराशे चाळीस! कागद परत आले. शेरा होता, "अर्जदाराचं वय तपासावं."

मुलगा रडकुंडीला आला. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "अरे, सहाशेव्या वर्षी कॉलेजात निघालास, विचारणारच ना!"

*

जन्माचा दाखला नसला की आईचं ॲफिडेव्हिट. विद्यानगरच्या एका बाईंना मी मसुदा मराठीत वाचून दाखवला : "मुलाच्या जन्माच्या वेळी मी स्वतः हजर होते."

बाई भडकल्या. "मग काय शेजारी हळदीकुंकवाला गेले होते?"

*

शेरवानीवाल्या पोरांना फोटोसाठी सूट कुठला? फोटोग्राफर स्वतःचा कोट आणि टाय घालायला द्यायचा. एका मोसमात आमच्याकडून गेलेले सगळे अर्जदार त्याच कोटात. कुणाच्या बाह्या लोंबताहेत, कुणाचं बटण लागत नाही.

मुंबईच्या व्हिसा ऑफिसातल्या क्लार्कने मला बाजूला घेऊन विचारलं, "हैदराबादेत कोट एकच आहे का हो?"

*

एक रिटायर्ड मुन्सफ होते. लंडनला मुलाकडे जायचं म्हणून पासपोर्टचा अर्ज भरत होते. 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'हैदराबादी'.

"रावसाहेब, आता 'भारतीय' लिहायचं," वकीलसाहेब म्हणाले.

"कधीपासून? मला तर तसा कागद आला नाही!"

"कागद नाही आला. रणगाडे आले होते!"

मुन्सफांनी ते खोडून 'भारतीय' लिहिलं. खोडाखोडीवर सही मात्र उर्दूत केली.

*

मलकपेठच्या अमीनाबींची मुलगी कराचीत. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून अम्मांना थोड्या दिवसांचा व्हिसा हवा होता. अडचण एकच. परत येणार याचा पुरावा द्यायचा होता. घर भाड्याचं, नवरा गेलेला, दुसरं मूल नाही.

"अम्मा, इथे तुमचं काय आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मियाँकी कबर है ना, साब. बाजूकी जगा मेरीच है. कब्रस्तानवालोंको बोलके रक्खी मैं."

वकीलसाहेब मला म्हणाले, "लिहा. अर्जदाराची मलकपेठेत स्वतःची राखीव जागा आहे."

मुंबईला पाकिस्तानच्या व्हिसा ऑफिसात अम्मांबरोबर मीच गेलो. साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून अम्मांकडे पाहिलं.

"जगह ख़ाली है, या कुछ बनवाया है?"

मी घाईघाईने तोंड उघडणार, तेवढ्यात अम्मा बोलल्या, "आधा हो गया, साब. बाकीका मैं वापस आके."

साहेबांनी शिक्का मारला.