न मागणारा माणूस

इंजिनिअरचं नशीब उघडलं ते एका न्हाणीघरात. तेव्हा तो पाणीपुरवठा खात्यात साधा कनिष्ठ अभियंता होता आणि साहेब नुसतेच गल्लीतले पुढारी. साहेबांच्या वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. खात्यातले तीन वरिष्ठ येऊन, पाहून, माना हलवून, चहा पिऊन गेले होते. इंजिनिअरने पाइपला कान लावला, आत हवा अडकल्याचं ओळखलं आणि ती बाहेर सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह बसवला. तासाभरात साहेबांची आंघोळ झाली. ओल्या केसांनीच बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "बोल, काय हवं तुला?"

"काही नको, साहेब."

हे तो निव्वळ संकोचाने बोलला. हवं तर होतंच. शहराबाहेरच्या टेकडीवर त्याची ताई राहायची. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं. वस्तीवर नळ नव्हता, म्हणून ताई रोज दोन बादल्या घेऊन दीडशे पायऱ्या चढायची. एक पंप, एक टाकी आणि पाऊण किलोमीटर पाइप अशी योजना त्याने स्वतःच्या हाताने आखून वर पाठवली होती, आणि ती वरच्या वर कुठेतरी पडून होती. पण ऐन वेळी त्याची जीभ उचलेना. साहेब मात्र भाळले. "हा माणूस मागत नाही," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. राजकारणात असा माणूस म्हणजे अप्रूपच! त्यांनी त्याला जवळ ठेवून घेतलं.

साहेब चढत गेले, तसा इंजिनिअरही चढला. आधी मुख्य अभियंता झाला, आणि देशाचा कारभार साहेबांच्या हाती आल्यावर त्याची थेट राज्यपालपदी वर्णी लागली. ताई म्हणाली, "आता तरी बघ रे बाबा." नव्या राज्यपालांनी योजना शोधून काढली, तिच्यावर जोरदार शिफारस लिहिली आणि ती राजधानीला धाडली. तिथे साहेबांच्या सल्लागाराच्या टेबलावर तिने बैठक मारली. राज्यपाल हात चोळत राहिले.

दोन वर्षांनी त्या सल्लागाराचा पत्ता कट झाला आणि त्याच्या खुर्चीत इंजिनिअर येऊन बसला. मंत्री त्याच्या दाराबाहेर ताटकळू लागले. साहेबांपुढे कोणता कागद जायचा आणि कोणता नाही, हे आता तो ठरवायचा. पहिल्याच आठवड्यात डावीकडच्या गठ्ठ्यात त्याला स्वतःची शिफारस सापडली.

ती उचलून शेजारच्या खोलीत न्यायची, एवढंच काम होतं. सोळा पावलं. पण त्या दिवशी साहेबांची दाढ ठणकत होती. पुढे निवडणूक लागली. मग साहेब जिंकून खुशीत होते, आणि माणूस खुशीत असताना त्याच्याकडे काही मागणं बरं दिसत नाही. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. बहिणीसाठी एकदा हात पसरला की न मागणारा माणूस संपला, आणि तो संपल्यावर आपल्यात उरतं काय, ही त्याची भीती होती. कागद गठ्ठ्यातच राहिला. नऊ वर्षं.

साहेबांनी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा कुठे त्याला धीर आला. शेवटच्या दिवशी तो कागद घेऊन आत गेला. साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

"एवढंच? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"आपल्याला त्रास नको म्हणून, साहेब."

"वेडा आहेस," असं म्हणून साहेब कपाट आवरायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो मंजुरी घेऊन टेकडी चढला, चार ठिकाणी थांबत. ताई दारातच बसली होती. तिचे गुडघे कधीच गेले होते. पाणी आता सून आणायची. तिने कागद दोनदा वाचला आणि डोळे पुसले.

"केलंस बाबा, शेवटी तूच केलंस! पण इतकी वर्षं हे अडवलं होतं कुणी?"

"होता एक सल्लागार."

"तळपट होवो मेल्याचं! माझे गुडघे खाल्ले त्याने. त्याला आईबहीण नव्हती का रे?"

शरमेने त्याचे कान तापले. "बहीण होती," तो म्हणाला.

"मग तिच्याकडे बरं आलं असेल पाणी!" ताई फणकारली, आणि दम लागलेल्या भावाला पाणी द्यायला तिने सुनेला हाक मारली. सून अजून खालून वर आली नव्हती.