दिवा, छत्री आणि हापसा

ग्रामपंचायतीला बाईच्या राखीव जागेवर मी उभी राहिले ती कुणाच्या सांगण्यावरून नाही, रागानं.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. आम्ही बौद्ध वस्तीतल्या बायकांनी घागरी घेऊन ओट्याखाली बसायचं आणि गावातल्या एखाद्या बाईला सवड झाली की तिनं वरून, हात न लागता, आमच्या घागरीत पाणी ओतायचं. त्याला म्हणायचे पाणी वाढणं. मी सातवी शिकलेली, नवरा शाळेत मास्तर, आणि मी बसलेय आपली उन्हात, कुणी वाढतंय का बघत. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता!

त्याच सुमारास गावोगाव सरकारी हापसे बसू लागले होते. आपल्या गावात हापसा कुठं बसवायचा ते पंचायत ठरवणार, आणि पंचायत ठरवणार म्हणजे पाटील ठरवणार. चावडीपुढं बसणार हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मला तो वस्तीत हवा होता. बाकी पंच होऊन मला काय हार घालून घ्यायचे होते?

पाटलांनी ती जागा आपल्या बायकोला बिनविरोध द्यायचं ठरवलेलं. माझा अर्ज गेला आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या घरी निरोप आला, मास्तरची बदली धावड्याला होईल म्हणून. धावडा म्हणजे पार भोकरदनकडं, दुसऱ्या टोकाला. नवरा दारात पाय धूत होता. म्हणाला, "मंग? धावड्यात काय पोरं न्हाईत का शाळंत?" आणि जेवायला बसला. त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचे पुढं कितीतरी अपराध पोटात घातले.

सरकारी नोकरी, त्याला काही प्रचार करता येत नव्हता. प्रचार केला सासूनं. अंबडच्या कचेरीत मला चिन्ह मिळालं दिवा. पणती आणि तिच्यावर ज्योत. पाटलीणबाईंना छत्री. मतपत्रिकेवर माझा दिवा वर आणि लगेच खाली त्यांची छत्री. मी खूष. सासूनं मात्र कागदावरचा दिवा पुन्हा पुन्हा निरखून पाहिला.

"अगं, दिव्यावर शाईचा शिक्का? बाया मारतील का?"

"न मारायला काय झालं? कागदावरचा तर दिवा आहे," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. कोळशानं भिंतीवर दिवा काढला, वस्तीतल्या एकेका बाईला बोलावलं आणि ओल्या राखेत बोट बुडवून बराबर ज्योतीवर टेकवायला लावलं. एका म्हातारीनं बोट पणतीच्या खाली टेकवलं आणि वर हात जोडले. सासूनं तिच्या हातावर चापट मारली. "देव्हारे काढले घरातून, आता भिंतीवरच्या दिव्याला काय भिऊन राह्यलीस? ज्योतीवर टेकव, जल्दी!" वस्तीतली एक बाई तिनं सोडली नाही.

गावात मात्र आम्हाला अंगणापुढं कुणी घेतलं नाही. आम्ही बाहेर उभ्या राहून सांगायचो, आतून बायका "बघू" म्हणायच्या आणि दार लोटायच्या. तिथं कुठली भिंत आणि कुठली राख! गावातून आपल्याला एक मत पडायचं नाही, हे मी धरूनच चालले होते.

मतदान शाळेत झालं आणि मोजणीही तिथंच झाली. एका सतरंजीवर पाटलीणबाई आणि मी, मध्ये माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. त्यांचा पदर नाकापर्यंत. अधिकारी एकेक मतपत्रिका उचलून दाखवत होते. आमच्या वस्तीची मतं चटकन ओळखू यायची, शिक्का ऐन ज्योतीवर. पण मधूनमधून भलतंच काही निघायला लागलं. शिक्का छत्रीच्या खणात, पण छत्रीला न शिवलेला. वरच्या रेघेला चिकटून, दिव्याच्या बरोबर खाली. काही तर रेघेवरच. रेघेवरची बाद झाली, खालची छत्रीला गेली. माझ्या दिरानं हुज्जत घातली. अधिकारी भला माणूस होता. "मलाही दिसतंय हो," तो म्हणाला, "पण शिक्का ज्या खणात, मत त्याचं."

वस्तीतल्या बाया तर शिकून गेल्या होत्या. मग दिव्याच्या पायाशी, फूल ठेवावं तसे हे शिक्के कुणी ठेवले? गावातल्या बायांनी! दार लोटून घेणाऱ्या त्या बायांनी! मी पडले, थोडक्यात पडले, आणि मला रडावं की हसावं ते कळेना. सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "त्यांच्या भिंतीवर बी दिवा काढता आला असता तर!"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले. न जाऊन करते काय, घरात पाणी हवं ना? ओट्यावर पाटलीणबाई होत्या. कोणी जवळ नाही असं बघून त्यांनी पोहरा ओढला, माझ्या घागरीत पाणी ओतता ओतता खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, रागावू नको. म्या बी दिव्यालाच मारला."

"तुम्ही?"

"मंग! दिव्याच्या पायाशी. ज्योतीवर शाई कशी लावावी, तूच सांग." आणि वर म्हणतात, "तुमच्या घागरी भरून भरून हात मोडून आले माझे. हापसा झाला तर सुटंन मी बी."

म्हणजे बाईंनी मत दिलं मला आणि पडलं त्यांचं त्यांनाच. मी हसले. खूप दिवसांनी त्या ओट्याखाली बसून हसले.

हापशाचा कागद आला. त्यावर सगळ्या पंचांची सही नाहीतर अंगठा लागणार होता, तेव्हा पाटलांनी बायकोचा अंगठा घरीच उमटवून घ्यायचं ठरवलं. त्यांच्याकडं भांडी घासणारी आमच्याच वस्तीतली, तिनं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. बाईंनी मूठ उघडलीच नाही. "अगोदर वस्तीचं नाव लिवा," म्हणाल्या. दोन दिवस घरात बोलणं बंद. शेवटी पाटलांनी लिहिलं. नवऱ्याची बदली मात्र झालीच, पण धावड्याला नाही, जवळच अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या गावी. ऊस खाऊन पोरं गब्बू झाली आमची.

वस्तीत हापशाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी सगळा गाव लांब उभा राहून बघत होता. पाटलीणबाई एकट्या चालत आल्या. हातात घागर नव्हती. मी दांडा धरून उभी होते. मला राहवेना, मी म्हणाले, "वाढू का पाणी, बाई?"

त्यांनी नाकापर्यंतचा पदर मागं टाकला, हापशाच्या तोंडाशी वाकल्या आणि ओंजळ पुढं केली. मी दांडा मारला. सगळ्या गावादेखत त्या पोटभर पाणी प्याल्या, आणि ओल्या हातानं त्यांनी माझा हात धरला.