मामांचा साडेदहाचा हट्ट

जगातल्या प्रत्येक भांडणाचं मूळ जास्त कॉम्प्रेशनमध्ये आहे, असं मानणारे गृहस्थ अख्ख्या नाशिकमध्ये एकच आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. अंबडला त्यांचा गाळा आहे. शर्यतीची हौस असलेली मंडळी तिथे गाड्या आणतात आणि मामा त्यांची इंजिनं खोलून जास्त ताकदीची करून देतात. येणारा प्रत्येकजण एकच मागणी करतो, रेशो वाढवा. म्हणजे पिस्टनने हवा आणि पेट्रोल अजून काही पट दाबावं. दाब जास्त, तर ताकद जास्त. मामा ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आणि फार दाबलं की ते ठिणगीची वाट न बघता आपणहूनच पेटतं. आधी टकटक, मग पिस्टनला भोक. भोकाचं काय करणार? इडलीपात्र?"

हा विचार गाळ्यापुरता राहिला असता तर मामींचे दिवस सुखात गेले असते. पण मामा प्रवासाच्या बॅगेवर बसून चेन लावायला साफ नकार देतात. वांग्यात मसाला ठासून भरलेला दिसला की चमच्याने काढून परत वाटीत ठेवतात. धाकट्या भाच्यासाठी मुलगी बघून आल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामा म्हणाले, "मुलगी छान आहे. तिच्या आईचा रेशो जरा जास्त आहे." पेट्रोलवर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. एकदा विंचूरजवळच्या पंपावर त्यांनी काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं, उन्हात धरलं, हलवलं आणि डोळे मिटून हुंगलं. पंपावरची बाई शांतपणे म्हणाली, "काका, वाइन पार्क मागं राहिलं."

अशा माणसाकडे दोन वर्षांपूर्वी ओझरच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी आली. मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची, आणि लय जोरात पळवायची. तिला साडेबारा रेशो हवा होता.

"साडेदहा," मामा म्हणाले.

"साडेबारा. नाय तर मी पुण्याला जाते."

"डिसेंबरात नाशिकमध्ये कुणीही साडेबारा करील गं. मे महिन्यात, मालेगावच्या उन्हात, मिळेल ते पेट्रोल घालून चढावर जे इंजिन गप्प राहतं, त्याचा रेशो खरा."

"मी मालेगावला भाजी घ्यायला जाणार नाहीये, मामा!"

मामा एकदम "बरं" म्हणाले. इतक्या लवकर ते कधीच बरं म्हणत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इंजिन तयार झालं, त्यावर खडूने ठळक "१२.५" लिहिलं गेलं आणि ती खुशीत गाडी घेऊन गेली.

शर्यत भर उन्हाळ्यात झाली. तिच्या पुढच्या दोन गाड्या धूर सोडत मध्येच बंद पडल्या आणि ती दुसरी आली. पेढे घेऊन ती थेट गाळ्यात आली. "बघितलं? साडेबारा केलं म्हणून!"

मामांनी पेढा तोंडात टाकला. तो गिळेपर्यंत त्यांना धीर धरवला असता तर बरं झालं असतं. "आत साडेदहाच आहे," ते भरल्या तोंडाने म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग म्हणाले असते नाही! गाडी माझी आहे, मामा."

ती निघून गेली. मामा पुढचे कितीतरी दिवस कुणाच्या बॅगेबद्दल काही बोलले नाहीत.

दिवाळीनंतर ती परत आली. मी तिथेच होतो. तिने ओझरला इंजिन उघडून घेतलं होतं, काचेच्या नळीने हेडच्या, म्हणजे वरच्या झाकणाच्या, खळग्यात थेंब थेंब रॉकेल सोडून आतली जागा स्वतः मोजली होती आणि गणिताचा कागद आणला होता. "हे साडेदहासुद्धा नाही. पावणेदहा आहे. तुम्ही माझ्याशी दोनदा खोटं बोललात."

मला वाटलं, आता मामा काहीतरी खवचट बोलतील. त्यांनी कागद दोनदा वाचला. आकडेमोड बरोबर होती. मग स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "टकटक सुरू झाली की मी आधी कानाने ओळखायचो. हल्ली ती बारीक टकटक मला ऐकूच येत नाही. म्हणून प्रत्येक इंजिनात थोडा थोडा कमी ठेवत गेलो. तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

मामींना हे माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं.

मग तिने कागदाची घडी करून खिशात घातली. "अकरापर्यंत जाऊ," ती म्हणाली, "पण एकेक पायरीने. ऐकायचं काम माझं."

आता दर रविवारी ती बॉनेटवर वाकून, डोळे मिटून इंजिन ऐकते. मामा गाडीत बसून हळूहळू अॅक्सिलरेटर दाबतात, आणि काचेतून तिच्या कपाळाकडे बघत राहतात, तिथे आठी पडते का म्हणून.