एक झटका म्हणजे ढील

दोराला ताण असेल तर दुसऱ्या टोकाला काहीतरी असतेच — हे फळ्यावर लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली. मी पदार्थविज्ञान शिकवते. अतर्क्य अनुभव सांगणाऱ्यांचे मी आजवर केवळ सौजन्यापोटी ऐकून घेत असे. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लिहिते आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी.

माझा धाकटा भाऊ वसंता गिर्यारोहक आहे. बर्फाच्या उभ्या भिंती चढण्यासाठी त्याला परदेशांतूनही बोलावणी येत. पण दोर त्याने प्रथम धरला तो लांजीला, आमच्या शेतातल्या विहिरीत. उन्हाळ्यात गाळ काढायला तो उतरे. मी दोराचा वेढा कमरेला घेऊन, पाय कठड्याला रोवून वर बसे. आत आवाज घुमे, म्हणून खुणा ठरल्या होत्या... दोन झटके म्हणजे ओढ, एक झटका म्हणजे ढील दे.

गेल्या मे महिन्यात वसंता हिमालयात होता. बालाघाटच्या आमच्या कॉलेजात परीक्षा चालू होती, सकाळचे साडेदहा वाजले होते. अचानक कमरेला काहीतरी आवळले आणि मी दोन बाकांवरून फरफटत भिंतीवर आदळले. दात ओठात रुतले. साडीखाली कातडे सोलले जात होते. मी नकळत पाय भिंतीला रोवले. दोन झटके आले... मी ओढू लागले. बरगडी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

शिपाई धावत आला. "मॅडम, किसको पकड़ रहे हो? छोड़ो न."

मग एकच झटका आला. मी ढील दिली. ओझे एकदम निम्मे झाले... आणि मग काहीच उरले नाही.

तीन आठवड्यांनी वसंता आला. हिमदंशाने उजव्या हाताला दोनच बोटे उरली होती. मी त्याला भरवत होते.

"ताई, बर्फात ठोकलेला वरचा खिळा निंगाला. माहा जोडीदार सोनम माह्या खाली होता, एकाच दोरावर. वर दोर कुठंच बांधला नोहता... तरी आम्ही लटकून राह्यलतो."

"मंग?"

"मी आदतीनं दोन झटके देले. कोणंतरी वर ओढलं. मंग सोनमनं एक देला. त्याच्याकडे एक म्हंजे ओढ." तो थांबला. "अन् दोर ढिलाच झाला. मी कपारीत अटकलो. त्याचा दोर बर्फाच्या धारेवर कापला गेला."

मी पुढचा घास केला. त्याने तोंड उघडले नाही.

"हा पट्टा काहून बांधला कमरेले?"

"पडली होती. परीक्षेत."

"किती वाजता?"

मी वेळ सांगितली. त्याने ताट बाजूला सारले.

"आपल्या विहिरीत एक झटका म्हंजे काय होतं, ताई?"

"ढील."

"हौ," तो म्हणाला, आणि न जेवता उठला.

माझ्या कमरेवर पीळदार दोराचा वळ आजही आहे. डॉक्टरांना त्याचा उलगडा झाला नाही, मलाही नाही. नियम तर तोच आहे : ताण असेल तर दुसऱ्या टोकाला काहीतरी असतेच. त्या दिवशी तिथे दोघे होते, एवढेच मला ठाऊक नव्हते.